डिबाय लांबीवर सगळं भागत नाही

मीठ वाढवलं की प्रभारित सर्फॅक्टंट द्विस्तरांमधलं प्रतिकर्षण घटतं. डीएलव्हीओ सिद्धांताचं हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. सोडियम ब्रोमाइडसारखं मीठ १ मिलिमोलरवरून १०० वर नेलं, की डिबाय लांबी साधारण ९.६ नॅनोमीटरवरून ०.९६ वर येते. पण आयन ब्रोमाइड की ॲसिटेट, हे या सूत्राला कळतच नाही. १९८६ साली पॅश्ली, निनहॅम, इव्हान्स आदींनी धनप्रभारित द्विस्तरांमधलं बल थेट मोजलं. ब्रोमाइड पृष्ठभागाला जास्त चिकटतं, म्हणून प्रतिकर्षण ॲसिटेटपेक्षा कमी दिसलं. पुष्कळदा पृष्ठप्रभार हवा तसा बदलून आलेख जुळवला जातो आणि 'सिद्धांत बसला' म्हणतात. आयनाची ओळख त्या एका आकड्यात दडपली जाते. म्हणून फिटिंग पाहिलं की आधी विचारा: हा प्रभार स्वतंत्रपणे मोजलाय का?