जुन्या लाउडस्पीकरची पारख

जुना लाउडस्पीकर घेताना आपली मंडळी आधी लाकडाची झिलई न्याहाळतात. बांधणी पाहून कादंबरीवर अभिप्राय द्यावा, तशातला हा प्रकार! अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली बंद पेटीतल्या हवेकडूनच स्प्रिंगचे काम करून घेतले आणि लहानशा पेटीतून भरदार खर्ज निघू लागला. त्यांनी काढलेल्या कंपनीच्या १९६७ सालच्या ‘एआर-३ए’चा लौकिक मोठा, पण पडद्याभोवतालची स्पंजाची कड कालांतराने भुसभुशीत होऊन गळते, मागच्या बटणांना गंज चढतो. म्हणून माझे मत असे, की कड निरखावी, बटणे फिरवून खरखर ऐकावी आणि ओळखीची एकच ध्वनिमुद्रिका दोन्ही पेट्यांतून आळीपाळीने वाजवावी. कड बदलता येते. भलतीच बसवली तर मात्र खर्ज बिघडतो. हा खर्च वजा करूनच लौकिकाचे मोल द्यावे.