नसण्याच्या दोन तऱ्हा

पायथॉनमध्ये ‘इम्पोर्ट’ लिहिलं की भाषा आधी सिस.मॉड्यूल्स ही डिक्शनरी पाहते. एकदा आणलेलं मॉड्यूल तिथं नावानिशी नोंदलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्यांदा शोधाशोध करावी लागत नाही. गंमत आहे ती न सापडण्यात. नावच नसेल, तर अर्थ ‘अजून शोधलेलं नाही, शोधा’. नाव आहे, पण पुढे ‘नन’, म्हणजे पायथॉनमधलं ‘काहीच नाही’, ठेवलेलं असेल, तर अर्थ ‘शोधूच नका’. हजेरीपटात नाव नसणं वेगळं आणि नावापुढे गैरहजेरीची खूण असणं वेगळं.

हा फरक सांभाळणं दिसतं तितकं सोपं नाही. डिक्शनरीला नुसतं ‘गेट’ म्हणून विचारलं, तर दोन्ही वेळा ‘नन’च हाती येतं. म्हणून इम्पोर्टचं काम पाहणाऱ्या इम्पोर्टलिबच्या लेखकांनी ‘नीड्स लोडिंग’ नावाची एक कोरी वस्तू घडवली. तिच्यात साठवलेलं काहीच नाही. ती दुसरी कुठलीही वस्तू नाही, एवढीच तिची किंमत. नाव नसेल तर ‘गेट’नं हीच वस्तू परत द्यायची. पुढची पारख बरोबरीच्या चिन्हानं होत नाही, ‘इज’नं होते. सिस.मॉड्यूल्समध्ये कुणीही कसलीही वस्तू ठेवू शकतो, आणि बरोबरीचा अर्थ ती वस्तू स्वतः बदलू शकते. ‘इज’ला मात्र फसवता येत नाही. दोन अक्षरांत केवढी सावधगिरी!

त्रुटीचा संदेशही तितकाच नेमका. शोधून न मिळालेल्या मॉड्यूलसाठी ‘या नावाचं मॉड्यूल नाही’. अडवलेल्यासाठी मात्र आयात थांबवली, कारण सिस.मॉड्यूल्समध्ये नन आहे, असं कारणासकट उत्तर. दोन्हींची जात एकच, मॉड्यूलनॉटफाउंडएरर. ही जात पायथॉन 3.6 पासून आली, ती जुन्या इम्पोर्टएररची पोटजात म्हणून. त्याचा लाभ पायथॉनच्याच हीपक्यू या मॉड्यूलमध्ये दिसतो. ते सी भाषेतली आपली वेगवान आवृत्ती मागवतं आणि इम्पोर्टएरर आला तर शुद्ध पायथॉनवर निभावतं. पायथॉनच्या चाचण्या त्या सी-मॉड्यूलच्या नावापुढे नन ठेवतात आणि शुद्ध पायथॉनची आवृत्ती तपासून घेतात. हीपक्यूच्या एका ओळीलाही हात लावावा लागत नाही.

पायथॉन 3.4 मध्ये आलेल्या, मॉड्यूलची माहिती धरणाऱ्या मॉड्यूलस्पेकमध्येही हीच नजर आहे. उपमॉड्यूल शोधण्याच्या जागांपुढे नन असेल तर ते पॅकेजच नाही. रिकामी यादी असेल तर पॅकेज आहे, जागा तेवढ्या नाहीत.

पायथॉनचा प्रॉम्प्ट उघडा. एखाद्या नावापुढे नन ठेवून इम्पोर्ट करा, मग ती नोंद पुसून पुन्हा करा. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा.