डबा गेला, चिठ्ठी राहिली

दिवाळीची झाडलोट हा आपल्याकडे जुन्या कागदांचा सर्वांत मोठा वैरी आहे. वाळवीला जे काम करायला वर्षे लागतात ते आपण नवरात्र संपल्यापासून वसुबारसेपर्यंत हातोहात उरकतो. गेल्या वर्षी आमच्या पुसदच्या घरीही माळ्यावरची पत्र्याची पेटी अशीच खाली उतरली. त्याच सुमारास जुन्या वस्तू विकत घेणारा एक गृहस्थ गल्लीत फिरत होता. हा आपला नेहमीचा भंगारवाला नव्हे. पितळेला बोटाची टिचकी मारून, भांडे उलटे धरून, मग भाव सांगणारा. पेटीतला पितळी पानडबा त्याला पसंत पडला. त्याने झाकण उघडले, आत घडी घातलेला एक पिवळा कागद होता तो काढून माझ्या हाती दिला, आणि डबा पिशवीत टाकला. भाव बरा आला. आम्ही त्या पैशांत फराळाचे सामान आणले, हेही कबूल करून टाकतो.

कागद उघडून पाहिला तो चार दिवसांनी. माझ्या पणजीच्या लग्नातल्या आहेराची ती यादी होती. शके १८२६, म्हणजे इसवी सन १९०४-०५. माथ्यावर ‘मु. पुसद, जि. बाशीम’. खाली ओळीने नाती आणि जिन्नस. दिग्रसकर मामा, लुगडे १. उमरखेडची मावशी, खण १, नारळ १. आणि सहाव्या ओळीत ‘बाशीमकर आत्या, पितळी पानडबा १’.

डबा कोणी दिला हे शंभराहून अधिक वर्षे डब्याच्या पोटातच लिहून ठेवलेले होते, आणि आम्ही दोघांनी मिळून, मी आणि त्या गृहस्थाने, ती जोडी एका मिनिटात फोडली.

आता हा प्रसंग मी रडगाणे म्हणून सांगत नाही. गेल्या काही वर्षांत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या वस्तू जमवण्याची हौस आपल्याकडे फार वाढली आहे. बैठकीच्या खोलीत कंदील टांगलेला असतो, हॉटेलात घंगाळात फुले तरंगतात, आणि पाहुणा ‘वा!’ म्हणतो. या हौसेचे कौतुक पुष्कळ झाले, परीक्षण मात्र क्वचितच होते. पुस्तकाचे होते, नाटकाचे होते, मग संग्रहाचे का होऊ नये? संग्राहक हादेखील एक टीकाकारच असतो. काय ठेवायचे आणि काय फेकायचे हे ठरवताना तो एका अख्ख्या काळावर निकाल देत असतो. त्याचा निकाल तपासायला नको काय?

या बाबतीत मराठी माणसाला अभिमान वाटावा असे उदाहरण पुण्याचे. चष्म्यांचा व्यवसाय करणारे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर १९२०च्या सुमारास वस्तू जमवू लागले आणि पुढची कितीतरी दशके जमवतच राहिले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. पण संख्येपेक्षा त्यांची नजर महत्त्वाची. दिवे, अडकित्ते, दौती, पाय घासायच्या वज्र्या! ज्या वस्तूंना घरातलेसुद्धा वस्तू म्हणून मोजत नसत त्यांच्यात या कवीला कारागिराचा हात दिसला. अडकित्त्याला मोराचा किंवा स्त्रीपुरुषांचा आकार देणाऱ्या अनाम लोहाराला त्यांनी मूर्तिकाराच्या पंक्तीला नेऊन बसवले. ही मराठीतली एक थोर टीका आहे. ती शब्दांत लिहिलेली नाही एवढेच.

तरीही एक उणीव सांगितलीच पाहिजे, आणि ती केळकरांची कमी, आपल्या सगळ्याच संग्रहालयांची जास्त. दिव्यांशेजारी दिवे आणि अडकित्त्यांशेजारी अडकित्ते मांडले की आकारांचे वैभव डोळ्यांत भरते, पण घर दिसत नाही. पाटीवर धातू, प्रांत आणि शतक असते. हा दिवा कोणाच्या ओसरीवर होता, कोणत्या वर्षी गहाण पडला, त्यात तेल घालणारी कोण, हे सांगणारा कागद बहुतेक वेळा वस्तू दारातून बाहेर पडतानाच गळालेला असतो. उत्तमोत्तम वेचे निवडलेला ग्रंथ वाचावा आणि कवींची नावेच छापायची राहिलेली असावीत, तसे काहीसे होते.

कागदांचे मोल आपल्याला कळत नव्हते असेही नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला, गावोगावची दप्तरे धुंडाळण्याचे वेड त्यांनी महाराष्ट्राला लावले. इकडे यवतमाळात य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमात पोथ्यांचा संग्रह केला. परंतु गंमत अशी की, १८९८ साली पेशवाईतला कागद शोधणाऱ्या माणसाला १८९८ सालचा कागद हा कागद वाटत नव्हता. पानिपतच्या पत्राला पूजा आणि दुष्काळातल्या धान्याच्या पावतीला चूल, असा तो न्याय! १८९९-१९००चा दुष्काळ वऱ्हाडने भोगला. त्याचे आकडे सरकारी अहवालांत आहेत. आमच्या गल्लीत त्या वर्षी ज्वारी काय भावाने घेतली हे एखाद्या किराणा दुकानाच्या रोजकीर्दीत असेल, आणि ती रोजकीर्द बहुधा पुड्या बांधण्यात संपली असेल.

विलायतेत जॉन जॉन्सन म्हणून एक गृहस्थ होऊन गेले. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे ते मुद्रक. तरुणपणी इजिप्तमध्ये जाऊन त्यांनी प्राचीन उकिरड्यांतून पपायरसचे तुकडे उकरले होते. दोन हजार वर्षांपूर्वीचा केरकचरा आपण एवढ्या भक्तीने उकरतो, मग आपल्याच काळातला का फेकतो, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी हस्तपत्रिका, बिले, तिकिटे, वेष्टने जमवायला सुरुवात केली. तो संग्रह दहा लाखांच्या वर गेला आणि १९६८ साली तिथल्या बॉडलियन ग्रंथालयात दाखल झाला. काळ साधारण केळकरांचाच! एकाच पिढीतल्या दोन हौशी माणसांपैकी एकाने अडकित्ता उचलला, दुसऱ्याने सुपारीची पुडी. आपल्याकडे हा दुसरा माणूस फार उशिरा आणि फार थोडा जन्मला.

पुडीचा कागद बोलतो तरी काय, असे कोणी विचारील. माझ्या यादीचा माथाच पाहा. ‘जि. बाशीम’. पुसद यवतमाळ जिल्ह्यात आले ते १९०५ साली, बाशीम जिल्हा मोडला तेव्हा. त्याआधी आम्ही बाशीमचे, म्हणजे आजच्या वाशीमचे. आणखी थोडे मागे जा. १९०३पूर्वीच्या सरकारी कागदावर वऱ्हाडचे नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे सापडते. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. त्याच आमच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत, उमरावतीवरून. एवढा इतिहास शाळेच्या पुस्तकात असेलही. पण एखाद्या घराने तो आपल्या पत्त्यात कसा लिहिला आणि एका वर्षात कसा खोडला, हे कागदाखेरीज कोण सांगणार? पितळेच्या डब्याला जिल्हा नसतो.

आमच्या भागातल्या तांड्यांवरही हीच पाळी आली आहे. बंजारा बायांच्या फेटियांचे आणि कांचळ्यांचे भरतकाम शहरातले लोक हौसेने नेतात. कापडाचा चौकोन कापून तसबीर करतात, नाहीतर उशीचा अभ्रा. त्यावर शिवलेली जुनी नाणी आधीच उतरवलेली असतात, कारण नाण्यांचे गिऱ्हाईक वेगळे. आरसे एकीकडे, रुपये दुसरीकडे, आणि ते अंगावर घालून चालणारी बाई तिसरीकडे. याला संग्रह म्हणायचे की वाटणी?

आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ज्या तसबिरीपुढे अनेक घरांत दिवा लागतो तिची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. राजा रवि वर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याने कमळातली लक्ष्मी राजवाड्यातून उचलून शेतकऱ्याच्या देवळीत आणून बसवली. आज ही छापील चित्रे चांगल्या किमतीला जातात. खालच्या कडेला छापखान्याचे नाव असले, रंग ताजे असले की भाव चढतो. डाग असले की उतरतो. आता हा डाग कसला? तीन पिढ्यांच्या बायकांनी बोटाने लावलेल्या हळदीकुंकवाचा, उदबत्तीच्या धुराचा! छापखान्यातून हजारो प्रती सारख्याच निघाल्या; त्यांतली एक प्रत आपल्या घरची झाली ती याच डागांनी. संग्राहक डाग नसलेली प्रत शोधतो, म्हणजे जिची कोणी पूजाच केली नाही अशी लक्ष्मी शोधतो. मला ही अभिरुची पटत नाही, मग तिला कितीही जाणकारीची म्हणा.

ग्रंथालयेही या पापातून सुटलेली नाहीत. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि मराठी घराला फराळाबरोबर वाचायची सवय लावली. पुढे मासिकांच्या फायली बांधताना अनेक ग्रंथालयांत मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत पडली. वाङ्मय तेवढे ठेवायचे, साबण आणि केशतेल वाङ्मय नव्हे! कथा पुन्हा पुस्तकात छापून येते. पण त्या वर्षी बाईने केसांना काय लावावे असे कोणाला वाटत होते, हे गेले ते गेलेच. (या अंकातल्या जाहिराती वाचकांनी फाडू नयेत अशी माझी विनंती आहे. संपादकांनी मला हे लिहायला सांगितलेले नाही.)

कायदा या प्रकरणात काय म्हणतो तेही पाहिले. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षे झालेली वस्तू पुरावशेषात जमा होते. हस्तलिखिताला ७५ वर्षे पुरतात, पण त्याला शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्याचे मोल असावे लागते. म्हणजे डबा नुसता म्हातारा झाला की मोठा झाला. चिठ्ठीला मात्र परीक्षा! खण १, नारळ १ यांचे वाङ्मयीन मोल कोण ठरवणार?

या वर्षी आत्याबाई दिवाळीला आमच्याकडे आल्या आहेत. वय नव्वदीला टेकलेले, पण मान ताठ. मी यादी वाचायला घेतली तर म्हणाल्या, “काहून रे बाप्पा, सणासुदीचे हे जुने कागद काहून घेऊन बसलास?” तरी ऐकू लागल्या. दिग्रसकर मामांना त्यांनी पाहिले नव्हते. ते उमरखेडच्या मावशीचे दीर होते, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक. यादीत शेवटी एक ओळ आहे, ‘सगुणा, ४ आणे’. पुढे नाते नाही, गाव नाही. मी ती ओळ मोजत नव्हतो. आत्याबाई थांबल्या. “ते आपल्या वावरात कापूस वेचायची. आजी तिले रोज संध्याकाळी डब्यातलं पान द्यायची. ते मेली तव्हा आजीनं आठ दिवस पान नाही खाल्लं, असं माय सांगे.”

मी चिठ्ठीच्या मागे तारीख घालून हे लिहून घेत होतो. त्या गृहस्थाला दोनदा विचारून झाले आहे. डबा कोणत्या शहरात गेला हे त्याला आठवत नाही.

“डबा आण बरं,” आत्याबाई म्हणाल्या. “आतमधी चुन्याच्या डबीवर तिच्या बोटाचं रुतलेलं असंल. दाखवतो तुले.”