चेर्नोबिलचं दार

स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या 'चेर्नोबिलची प्रार्थना' (१९९७) या पुस्तकात मला सगळ्यांत जास्त हलवलं ते एका दाराने. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिल अणुऊर्जा केंद्राची चौथी अणुभट्टी फुटली आणि दुसऱ्या दिवशी प्रिप्यात शहर रिकामं झालं. तीन दिवसांत परत याल, असं लोकांना सांगितलं होतं. त्यांतला एक गृहस्थ पुढे रात्री चोरून येतो आणि स्वतःच्याच घराचं दार मोटारसायकलवर घालून जंगलातून नेतो. घरच्या रिवाजाप्रमाणे वडिलांचं प्रेत याच दारावर ठेवलं होतं. मुलांची उंची वाढेल तशा खुणाही त्याच्यावरच केलेल्या. नंतर त्याची सहा वर्षांची मुलगी गेली, तेव्हा तिलाही त्याच दारावर निजवलं.

किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही. मग माणसाने बोलायचं कशाविषयी? दाराविषयी, दुधाविषयी, बागेतल्या सफरचंदांविषयी. मातीचा वरचा थर खरवडून मातीतच पुरणारे सैनिक आणि मागे राहिलेली कुत्री-मांजरं मारायला पाठवलेले शिकारी आपापलं काम तपशीलवार सांगतात, आणि सांगता सांगता ते काम त्यांनाच अनोळखी वाटू लागतं. युद्ध पाहिलेल्या म्हाताऱ्या तर विचारात पडतात: शत्रू कुठे आहे? शेत तर हिरवंगार दिसतंय!

लोकांच्या या साक्षींतून लेखिकेने स्वतःचे प्रश्न जवळजवळ काढून टाकले आहेत. रडणं, गप्प होणं मात्र कंसात जपलं आहे. कधी कधी हे सगळे आवाज एकाच लयीत बोलतात आणि संपादनाचा हात जाणवतो, हे मान्य करायला हवं. तरी तो हात कुणाला शहाणं करून सोडत नाही. पहिलीच साक्ष अग्निशामक जवानाच्या बायकोची आहे. मॉस्कोच्या रुग्णालयात नवऱ्याजवळ जायला मनाई, म्हणून ती आपलं गरोदरपण लपवते आणि शेवटपर्यंत त्याची शुश्रूषा करते. पुढे जन्मलेलं बाळ काही तासांतच जातं. तिने चूक केली का, हा प्रश्न ती स्वतःच जन्मभर वागवते आहे. लेखिका त्यात एका शब्दाचीही भर घालत नाही.

पुस्तकातला शेवटचा आवाजही बायकोचाच, चेर्नोबिलला साफसफाईला गेलेल्या कामगाराच्या. शास्त्रज्ञ, अधिकारी, पक्षाची माणसं यांना जागा मिळाली आहे ती या दोघींच्या मध्ये. या पुस्तकाच्या रचनेतला मला हा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.