कुलालाचा दृष्टांत आणि जगत्कर्त्याचे स्वरूप

ईश्वरविषयक चर्चेत 'जगत्कर्ता' हा शब्द आपण इतक्या सहजतेने योजतो की, त्या एका शब्दाखाली परस्परांहून भिन्न अशा निदान तीन कल्पना नांदत आहेत याचे भान राहत नाही. आधीच असलेल्या द्रव्याला आकार देणारा तो एक कर्ता. काहीही नसताना केवळ संकल्पाने जग अस्तित्वात आणणारा तो दुसरा. आणि स्वतःच जगाचे उपादान होणारा तो तिसरा. उदयनाचार्यांची ईश्वरसाधक अनुमाने आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञांची प्रमाणे शेजारी-शेजारी ठेवून वाचताना हा भेद हमखास पुसला जातो. तो पुसला गेला म्हणजे अनुमानाची परीक्षाच अशक्य होते. कारण अमुक युक्तीने ईश्वर सिद्ध झाला की नाही, हे विचारण्यापूर्वी 'कोणता ईश्वर?' हे विचारणे प्राप्त आहे.

प्रथम न्यायमताकडे वळू. पृथ्वी, अंकुर इत्यादी पदार्थ कार्ये आहेत. जे जे कार्य ते ते सकर्तृक असते, जसा घट. म्हणून पृथ्वी, अंकुर इत्यादींनाही कर्ता असला पाहिजे, असा या अनुमानाचा सांगाडा आहे. 'न्यायकुसुमांजली'च्या पाचव्या स्तबकात उदयनाचार्य कार्यत्वाखेरीज परमाणूंचे संयोजन, विश्वाचे धारण इत्यादी हेतूही मांडतात. परंतु घट आणि त्याचा कर्ता कुलाल यांचा दृष्टांत हाच सर्व विवेचनाचा कणा होय. या मतात परमाणू नित्य आहेत, जीव नित्य आहेत, आणि जीवांच्या पूर्वकर्मांतून आलेले अदृष्ट हे सृष्टीच्या विविधतेचे कारण आहे. प्रलयकाळी निश्चल असलेल्या परमाणूंना अदृष्टानुसार पुन्हा जोडणे, एवढेच ईश्वराचे कार्य. तो निमित्तकारण आहे, उपादानकारण नव्हे. माती कुलालाने निर्माण केलेली नसते, हा दृष्टांताचा अर्थ येथे काटेकोरपणे पाळला गेला आहे.

म्हणूनच या ईश्वराचा खरा सोबती शोधावयाचा तर तो ख्रिस्ती धर्मशास्त्रात नव्हे, तर ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील प्लेटोच्या 'तिमाएउस' या संवादात सापडतो. तेथील जगत्कर्त्याला प्लेटोने 'देमिउर्गोस' म्हटले आहे, आणि ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ कारागीर असाच आहे. तो शाश्वत आकृतिबंधांकडे दृष्टी ठेवून, आधीच असलेल्या अव्यवस्थित द्रव्यात व्यवस्था आणतो. तो सत्प्रवृत्त आहे, तथापि सर्वसमर्थ नाही. 'अपरिहार्यता' नावाची एक अंध शक्ती त्याच्यासमोर उभी असते, आणि तिला तो शक्य तितके वळवून घेतो. न्यायमतात अदृष्ट जे स्थान घेते, त्याच्या जवळपासचे स्थान येथे अपरिहार्यतेला आहे. मात्र अदृष्ट नीतिबद्ध आहे, अपरिहार्यता तशी नाही. दुसरा भेद पद्धतीचा. प्लेटो आपल्या कथनाला केवळ 'संभाव्य' म्हणतो. उदयनाचार्य मात्र निरपवाद सिद्धीचा दावा करतात. आक्षेपांचा मारा नैयायिकांवर अधिक झाला, याचे एक कारण या दाव्यात आहे.

त्या आक्षेपांपैकी धर्मकीर्तीचा आक्षेप तार्किकदृष्ट्या सर्वांत मर्मभेदी आहे. 'प्रमाणवार्त्तिका'त तो दाखवितो की, केवळ शब्दसाम्यावरून व्याप्ती ठरत नाही. वारूळ हाही मातीचा विकार आहे. म्हणून तो कुलालाने केला असे कोणी म्हणत नाही. ज्या विशिष्ट प्रकारची रचना कर्त्यासह आपण पाहिली आहे, तशीच रचना दिसली तरच कर्त्याचे अनुमान न्याय्य ठरते. पर्वत आणि घट यांत तसे साम्य नाही. कुमारिल भट्टांनी 'श्लोकवार्त्तिका'त निराळी बाजू धरली. शरीरावाचून इच्छा आणि प्रयत्न कसे संभवतील? सृष्टीपूर्वी जीवच दुःखी नव्हते, तर करुणा कोणाविषयी वाटली? या प्रश्नांचा रोख कर्त्याच्या स्वरूपावर आहे. पुढे इ. स. १७७९ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादांत, ह्यूमने हीच वाट चोखाळली: मानवी कारागिराशी साम्य धरावयाचे तर जगाचे कर्ते अनेक, मर्त्य किंवा नवशिके का नसावेत? या तिघांत परस्परप्रभाव शोधण्याचे कारण नाही. दृष्टांताची अंगभूत दुर्बलताच तिघांना एका ठिकाणी आणून सोडते.

नैयायिकांचे उत्तर उपेक्षणीय नाही. त्यांच्या मते शरीर हा कर्तृत्वाचा घटकच नव्हे. उपादानाचे प्रत्यक्ष ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न, ही ज्याच्या ठायी आहेत तो कर्ता. कर्ते अनेक मानण्यापेक्षा एक मानण्यात लाघव आहे, म्हणून तो एक. शरीराविषयीचे हे समाधान आपल्यापुरते सबळ आहे. परंतु ईश्वराचे ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न नित्य आहेत असे जेव्हा नैयायिक म्हणतो, तेव्हा त्याने दृष्टांत मागे सोडलेला असतो. कुलालाचा प्रयत्न उत्पन्न होतो व संपतो. जो प्रयत्न कधी उत्पन्नच झाला नाही, त्याला 'प्रयत्न' म्हणण्याचा आधार घटाच्या उदाहरणात नाही. लाघव हा तर दोन समबल कल्पनांतील निवडीचा नियम आहे; वस्तूचे अस्तित्व तो सिद्ध करीत नाही. तात्पर्य, दृष्टांत जितका पाळावा तितका कर्ता मर्यादित राहतो, आणि कर्ता जितका अमर्याद करावा तितका दृष्टांत निकामी होतो.

मात्र मर्यादित कर्त्याची कल्पना केवळ उणीव म्हणून टाकून देणे चुकीचे ठरेल. जगातील दुःख आणि विषमता यांचा प्रश्न तिला सर्वांत कमी छळतो. शून्यातून सृष्टी मानणाऱ्या ऑगस्टीनला द्रव्याकडे बोट दाखविण्याची सोय उरत नाही. म्हणूनच अशुभ ही वस्तू नसून शुभाचा अभाव आहे, असे त्याला प्रतिपादावे लागते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात, ईश्वर कर्मसापेक्ष असल्यामुळे त्याच्यावर वैषम्याचा दोष येत नाही, हे मान्य केले. तथापि केवळ निमित्तकारण असणाऱ्या ईश्वराचे त्यांनी खंडन केले, ब्रह्मालाच निमित्त व उपादान मानले, आणि त्याच्या ज्ञानासाठी स्वतंत्र अनुमानावर नव्हे तर श्रुतीवर भिस्त ठेवली. हा बदल आकस्मिक नाही. कुलालाचा दृष्टांत सोडल्यावर अनुमानाचा आधारही ढिला होतो, याची ती प्रामाणिक कबुली आहे.

सारांश, युक्तीने गाठता येण्याजोगा कर्ता आणि उपासनेला अभिप्रेत असणारा परिपूर्ण ईश्वर यांच्यात एक अंतर आहे. उदयनाचार्यांच्या ग्रंथात त्या अंतरावर पूल बांधण्याचा थोर प्रयत्न आहे, आणि त्याचे मोल तो अपुरा ठरल्याने कमी होत नाही. परंतु 'जगत्कर्ता सिद्ध झाला' असे वाक्य यापुढे वाचताना, त्याच्या हाती माती आधीपासून होती की नव्हती, एवढा प्रश्न तरी अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. उत्तरार्धातील बहुतेक वाद त्या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावलेले आहेत.