सर्किट बदललं, पण फाइलला पत्ताच नाही

एनजीस्पाइसमधून बाहेर न पडता सर्किट बदलायचे दोन सोपे रस्ते आहेत: ‘एडिट’ आणि ‘अल्टर’. दोन्ही वेळ वाचवतात. पण संशोधनात दोघांना एकाच मापाने मोजून चालत नाही.

साधा आरसी लो-पास फिल्टर घ्या. आर१ = १ किलोओहम, सी१ = १ मायक्रोफॅरड; कटऑफ साधारण १५९ हर्ट्झ. प्रॉम्प्टवर ‘अल्टर’ वापरून आर१ दुप्पट केला आणि पुन्हा रन दिला, की कटऑफ ८० हर्ट्झच्या आसपास येतो. आलेख अगदी बरोबर. पण फाइल उघडून बघा, तिथे अजून १ किलोओहमच! नवी किंमत फक्त मेमरीत. ‘शो’ कमांड दिली की दिसते. ‘रीसेट’ दिलं की तीही गेली. रिझल्टच्या रॉ फाइलमध्ये शीर्षक, तारीख, पॉइंट्सची संख्या सगळं असतं, पण आर१ किती होता हे नसतं.

‘एडिट’ तुमची फाइलच एडिटरमध्ये उघडतो आणि नंतर पुन्हा लोड करतो. बदल टिकतो, हे चांगलं. पण जुना आकडा पुसला जातो, म्हणजे कालचा आलेख पोरका झाला.

गंमत बघा. १९७०च्या दशकात बर्कलीचा स्पाइस पंचकार्डांच्या गठ्ठ्यावर चालायचा. काम कंटाळवाणं होतं, पण छापील आउटपुटमध्ये आधी इनपुटची यादी यायची आणि मग उत्तरं. कोणत्या सर्किटचं उत्तर, हा प्रश्नच नव्हता. पुढे स्पाइस३ने समोर बसून कमांड द्यायची सोय दिली; तिच्यासोबत ही गाठ सैल झाली. एनजीस्पाइस त्याच घराण्यातला.

मग ‘अल्टर’ वापरायचाच नाही का? जरूर वापरा. पाच किमती चाचपून बघायला त्याच्यासारखं काही नाही. फक्त किंमत पक्की झाली की तो ‘अल्टर’ फाइलमधल्या कंट्रोल ब्लॉकमध्ये लिहा. बदलच फाइलचा भाग होतो. ‘एडिट’च्या आधी गिटमध्ये कमिट करा. आणि थीसिसमध्ये जाणारा प्रत्येक आलेख नव्या सेशनमध्ये, नुसती फाइल चालवून काढा. तसा निघाला नाही, तर तो अजून तुमचा रिझल्ट नाही.