व्हिडिओ गेमची समीक्षा : बहरलेली कला, डळमळीत पेशा

व्हिडिओ गेमवरील नियमित समीक्षेचा आरंभ अमेरिकेत १९७९ साली झाला असे सामान्यतः मानले जाते. त्या वर्षी ‘व्हिडिओ’ मासिकात बिल कंकल आणि आर्नी कॅट्झ यांचा ‘आर्केड अ‍ॅली’ हा स्तंभ सुरू झाला. १९८१ मध्ये या दोघांनी जॉइस वर्ली यांच्यासह ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे स्वतंत्र मासिक काढले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ निघाले आणि १९८६ मध्ये जपानमध्ये ‘फामित्सू’.

या मासिकांचे मुख्य काम ग्राहकाला सल्ला देण्याचे होते. गेम घ्यावा की नाही, हे गुणांवरून ठरे. ‘फामित्सू’त चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देत, चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला गेम १९९८ साली आला. या व्यवस्थेत एक दोष सुरुवातीपासून होता : ज्या कंपन्यांच्या गेमची परीक्षा व्हायची, त्यांच्याच जाहिरातींवर मासिके चालत. २००७ मध्ये ‘गेमस्पॉट’चे समीक्षक जेफ गर्स्टमन यांना काढून टाकण्यात आले. त्यांनी ज्या गेमला कमी गुण दिले होते, त्याच्याच जाहिराती तेव्हा त्या संकेतस्थळावर झळकत होत्या. जाहिरातदाराच्या दबावाला व्यवस्थापन बळी पडले, असे त्यांनी २०१२ मध्ये उघडपणे सांगितले. २००१ पासून ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ निवडक समीक्षांची सरासरी काढू लागल्यावर गुणांचे वजन आणखी वाढले. ‘फॉलआउट : न्यू वेगस’च्या निर्मात्यांचा बोनस ८५ गुणांवर अवलंबून होता. गेमला ८४ मिळाले आणि बोनस हुकला.

लेखनाची कला मात्र या चौकटीबाहेर वाढली. २००४ मध्ये समीक्षक कीरन गिलेन यांनी गेमवरील लेखन म्हणजे कल्पित प्रदेशांचे प्रवासवर्णन होय, अशी भूमिका मांडली. टॉम बिसेल यांचे ‘एक्स्ट्रा लाइव्ह्ज’ (२०१०) आणि सायमन पार्किन यांचे ‘डेथ बाय व्हिडिओ गेम’ (२०१५) ही पुस्तके गेम न खेळणाऱ्यालाही वाचता येतात. या समीक्षेची अडचणही वेगळी आहे. चित्रपट सर्व प्रेक्षकांना एकच दिसतो, तर गेम खेळणाऱ्याच्या हातून घडतो. त्यामुळे समीक्षकाला कथेबरोबर नियमांची रचना, हाताला जाणवणारी पकड आणि अपयशानंतर पुन्हा खेळावेसे का वाटते, हेही शब्दांत मांडावे लागते. त्यातच एखादा गेम पूर्ण करायला पन्नास तास लागतात, आणि समीक्षेची प्रत प्रकाशनाच्या जेमतेम काही दिवस आधी हाती पडते.

कला अशी प्रौढ होत असतानाच पेशाचा पाया खचला. जाहिराती शोधयंत्रांकडे आणि समाजमाध्यमांकडे वळल्या, खेळाडू यूट्यूब आणि ट्विचकडे गेले. २०२३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा ‘लाँचर’ विभाग आणि ‘व्हाइस’चे ‘वेपॉइंट’ बंद झाले. ‘गेम इन्फॉर्मर’ हे मासिक २०२४ मध्ये थांबले आणि पुढच्या वर्षी नव्या मालकाकडे गेल्यावर पुन्हा निघाले. २०२५ मध्ये ‘पॉलिगॉन’ हे संकेतस्थळ विकले गेले आणि तिथल्या अनेकांची नोकरी गेली.

आज उभे असलेले लेखक दोन वाटांनी टिकले आहेत. पहिली वाट वाचकांच्या वर्गणीची. ‘आफ्टरमॅथ’ आणि ‘रीमॅप’ ही अशा बेकार झालेल्या पत्रकारांनी स्वतःच्या मालकीची उभारलेली प्रकाशने आहेत. दुसरी वाट शोधपत्रकारितेची. पत्रकार जेसन श्रायर यांनी गेम कंपन्यांतील अमानुष जादा कामाचे वास्तव बाहेर आणले आणि ‘ब्लड, स्वेट अँड पिक्सेल्स’ (२०१७) या पुस्तकात गेम कसे घडतात ते सांगितले. अशा बातमीला स्वतःचा वाचक असतो. केवळ गुण देणाऱ्या परिच्छेदाला आता तो उरलेला नाही.

भारतात ‘स्कोअर’सारख्या इंग्रजी मासिकाने गेमची समीक्षा काही काळ चालवली. महाराष्ट्रात गेम घडतात : ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा पुराणकथांवर आधारलेला, पहाडी चित्रशैलीची छाप असलेला गेम पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा आहे. नाटक आणि चित्रपट यांच्या समीक्षेची समृद्ध परंपरा असलेल्या मराठीत मात्र गेमची चर्चा बहुधा व्यसन किंवा बंदी याच अंगाने होते. २०२० मधील पबजी या गेमवरील बंदीच्या वेळीही हेच दिसले. गेमच्या समीक्षेसाठी लागणारी भाषा मराठीत आहे. नाटकाइतक्याच गांभीर्याने गेमकडे पाहणारे लेखक आणि त्यांना मानधन देणारे संपादक आता पुढे आले पाहिजेत.